आधीचे वाटेकरी

आठवडी बाजारात भाजीची ओळ जिथे संपते, ताडपत्री सरते आणि चिखल सुरू होतो, तिथे सात्या, म्हणजे पावसाळ्यात रानात उगवणारी अळंबी, विकणाऱ्या सात्यावाल्या बसतात. श्रावणातला बाजार होता. सागाच्या पानांवर सात्यांचे वाटे मांडलेले. काही कळ्या मिटलेल्या, काही छत्र्या उमलून कडांना चिरा गेलेल्या. माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या, बदली होऊन आमच्या भागात आलेल्या असाव्यात. त्यांनी एक छत्री उचलली, उलटी केली आणि नखाने देठ उभा चिरला. आत बारीक तपकिरी बोगदे होते आणि एका बोगद्यातून पांढरट, ओलसर काहीतरी वळवळत बाहेर आलं. "अहो, यात किडे आहेत!" बाईंनी हात झटकला. म्हाताऱ्या सात्यावालीने मान वर केली, पण जरासुद्धा गडबडली नाही. "किडा लागला म्हनजे चांगली आहे जी बाई. इखाच्या सात्याले किडा नाई लागत." बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी दोन वाटे घेतले, वर एक मूठ मागून घेतली आणि निघाल्या.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

वाक्य खोटं आहे. मी तालुक्याच्या गावी जीवशास्त्र शिकवते, म्हणून मला ते ठाऊक आहे एवढंच. पण मला टोचत होतं ते निराळंच. त्या आजीच्या टोपलीतली एकूण एक छत्री खात्रीची होती. ती सात्या अशा किड्यावरून पारखत असेल, हे मला मुळीच पटण्यासारखं नव्हतं. आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, कुणीच तसं पारखत नाही. मग तिने ते सांगितलं का? आणि माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या, सात्यांवर वाढलेल्या दोन-तीन जणींनी ते ऐकून नुसतं हसून का घेतलं?

आमच्या आईची पारख मला पाठ आहे, म्हणजे तिच्या हालचाली पाठ आहेत. धानाच्या रोवणीचे दिवस असायचे. दिवसभर बांधीत वाकून परे लावलेले, तरी पहाटे उजाडायच्या आत ती टोपली घेऊन रानाकडे निघायची. वारुळाच्या कुशीत, कधी सपाट जमिनीवरसुद्धा, ओल्या मातीतून टोकदार करडी बोंडं वर आलेली असत. आई छत्रीला हातच लावायची नाही. आधी बाजूची माती बोटांनी उकरायची. देठ खाली जातो, बारीक होतो, मुळासारखा लांब होत होत मातीत शिरतो. ते मूळ लागलं की ती "हं" म्हणायची. लागलं नाही, देठ मातीच्या वरच बुडखा होऊन संपला, तर ती उठायची. वर कितीही देखणी छत्री असो, मागे वळून पाहायची नाही. काढून झाल्यावर खड्ड्यात माती परत लोटायची, वर पाचोळा ओढायची. पुढच्या वर्षी त्याच नक्षत्रात, त्याच जागी.

पुढे शिकताना कळलं की आई बोटांनी जे चाचपत होती ते शास्त्राच्या दृष्टीनेही अगदी मुद्द्याचं होतं. सात्या म्हणजे टर्मिटोमायसीस. ही बुरशी उदई, म्हणजे वाळवी, आपल्या घरात पाळते. उदई अर्धवट पचवलेल्या लाकूडपाल्याचे सच्छिद्र पोळे रचते, त्यांवर ही बुरशी वाढते, आणि उदई ती खाते. पावसाने जमीन मुरली की बुरशी त्या पोळ्यापासून माती भेदत वर येते. वरचं ते टोकदार बोंड माती फोडण्यासाठी असतं, आणि खालचं लांब मूळ खोलवरच्या उदईच्या घरापर्यंत पोचलेलं असतं. विषारी छत्र्यांना उदईच्या घराशी जोडणारं असं मूळ नसतं. आईने यातला एक शब्दही कधी ऐकला नव्हता. तिने फक्त मूळ पाहिलं.

आणि किडा? किड्याकडे ती पाहायची ते वेगळ्या कारणासाठी. घरी आल्यावर सात्या सुपात पसरायची, देठ चिरायची, मग मिठाच्या पाण्यात टाकायची. थोड्या वेळाने अळ्या बाहेर येऊन पाण्यात तरंगायच्या. देठ पोखरलेला असेल तर देठ फेकायची आणि छत्री ठेवायची. छत्रीच्या पापुद्र्यांपर्यंत पोखरलेलं असेल तर सगळंच उकिरड्यावर. "शिळ्या झाल्या," म्हणायची. म्हणजे किडा तिच्या लेखी उशीर झाल्याची खूण होती. काल कुणी दुसरं येऊन गेलं, आपल्याआधी जेवून गेलं, इतकंच. त्यावरून सात्या चांगल्या ठरल्या, असं ती कधीच म्हणाली नाही.

त्या बाजारानंतर मी वहिनीला निरोप धाडला की तुझ्याकडच्या किडक्या सात्या फेकू नको, पाठव. ती हसली असणार. पण आमच्या गावच्या एसटीत, पळसाच्या पानांत गुंडाळून, पुडा आला. निम्म्या सात्या बसच्या उकाड्यात गळून गेल्या होत्या. त्यांचा तो वास! ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगणं कठीण. ओली माती, कच्चं पीठ आणि त्याखाली कुजायला लागल्याची एक गोडसर झाक. काचेच्या बरणीत तळाशी ओलसर माती घातली, वर सात्या ठेवल्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं आणि ती बरणी प्रयोगशाळेच्या खिडकीत, उन्हाआड ठेवून दिली.

भिंगातून पाहिलं तर अळी सुंदर असते. हे वाक्य घरी म्हटलं तर कुणी जेवणार नाही, म्हणून इथे लिहिते. अंग दुधी काचेचं, इतकं पारदर्शक की पोटातली अन्ननळी गडद रेघेसारखी दिसते, आणि अळी पुढे सरकली की ती रेघही आत सरकते. पाय नाहीत. पुढे मोहरीच्या टरफलाएवढं काळं, चकचकीत डोकं, ते सतत डावी-उजवीकडे हलत बुरशी कुरतडत असतं. मुलं आळीपाळीने भिंग घेत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या घरी धान आणि मोहफुलांवरच सगळं चालतं, तो म्हणाला, "मॅडम, आमी याले रोजच पायतो, पण याले डोकं असते हे माहीत नव्हतं."

दोन-तीन दिवसांत सात्यांचा चिखल झाला. अळ्या मातीत उतरल्या आणि बरणी पुसून काढल्यासारखी शांत झाली. मुलांचा रस गेला. नंतर एका सकाळी फडक्याच्या आतल्या बाजूला बारीक माश्या बसलेल्या दिसल्या. काही लाल डोळ्यांच्या, पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्यांपैकी. त्या कुठल्याही सडक्या पदार्थावर येतातच. पण बाकीच्या वेगळ्या होत्या. डासासारख्या नाजूक, पण पाठीला कुबड, आणि डोकं त्या कुबडाखाली दडपलेलं, सासऱ्यांपुढे बसलेल्या नव्या सुनेचं असावं तसं. पाय शरीराच्या मानाने फारच लांब, पोटरीच्या टोकाला दोन ठळक काटे. बरणीला टिचकी मारली की त्या आधी भराभर पळायच्या, उडायच्या नंतर.

या कुबड्या माश्यांचं कुळ म्हणजे मायसेटोफिलिडी. बुरशीमाश्या म्हणू. जगभरात त्यांच्या 4000 हून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या बहुतेक जंगलाच्या रहिवासी आहेत. ऊन त्यांना सोसत नाही. नाल्याच्या काठाची माती खालून कोरली जाऊन जी कपार तयार होते तिथे, पडलेल्या झाडाच्या उपटलेल्या मुळांत, ओल्या ओंडक्याच्या पोटाखाली दिवसा त्या बसून असतात. अळ्या अळंब्यांत, सालीखालच्या बुरशीत, कुजक्या लाकडात वाढतात. अळंबीचं आयुष्य चार-सहा दिवसांचं, त्यामुळे जी अळी तिच्यात वाढते तिला सगळं बालपण तेवढ्यातच उरकावं लागतं. छत्री गळून पडायच्या आत पोट भरायचं आणि मातीत उतरून कोष करायचा. आई पहाटे उजाडायच्या आत का निघायची ते मला बरणीसमोर नीट कळलं. तिची शर्यत शेजारणींशी होती असं मी समजत होते, आणि शेजारणींशी तर ती होतीच. पण छत्रीने मातीतून डोकं काढताच तिच्यावर अंडी घालणारी माशीची मादी आईच्याही आधी येऊन गेलेली असे.

खोब्रागडी नदीला मिळणाऱ्या आमच्या नाल्याच्या काठावर पावसाळ्यात मी पुष्कळदा बसले आहे. गुरं पलीकडे चरायची, आणि कपारीतून धुरकट असं काहीतरी उठून पुन्हा बसायचं. आम्ही त्याला मोंगसे म्हणायचो. चावणारे, न चावणारे, डास, चिलटं, ज्याला ज्याला पंख आहेत आणि जे बोटाच्या चिमटीत मावतं ते सगळं मोंगसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे दारापुढच्या पळसाच्या मेढी, म्हणजे फांद्या, उचलून गावशिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, "ईडा पिडा, खासी खोकला, माशा मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" लहानपणी ते ओरडण्यात जी मजा होती ती पोळ्याच्या बैलांतही नव्हती. आता वाटतं, त्या आरोळीत ह्या कुबड्या बिचाऱ्या उगीचच आल्या. ह्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, घरात शिरत नाहीत. पण तेही पुरतं खरं नाही. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या बाया ढिंगरी अळंबी करतात. धानाचं तणीस उकळून, पिशव्यांत भरून, अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या. त्यांच्या खोलीत याच गोतावळ्यातल्या, सियारिडी कुळातल्या काळपट पंखांच्या माश्या शिरल्या आणि पिशव्या आतून पोखरून गेल्या. मी गेले तेव्हा खिडक्यांना बारीक जाळी आणि कपाशीत लावतात तसे पिवळे चिकट सापळे लागलेले होते. सापळे माश्यांनी काळे पडलेले. "तुमच्या मोंगशायनं वाट लावली मॅडम," एक जण म्हणाली. माझ्या का, ते मी विचारलं नाही. बरणीची बातमी तिथवर गेली होती.

या माश्यांचा भारतातला पहिला मोठा हिशोब मांडला तो एका संगीतकाराने, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. एन्रिको ब्रुनेटी, कलकत्त्यात राहायचा, संगीतावर पोट भरायचा आणि उरलेला वेळ माश्यांना द्यायचा. ब्रिटिश भारतातल्या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेत 1912 मध्ये त्याचा माश्यांवरचा खंड निघाला. माश्यांची जात ठरवायची म्हणजे पंखांतल्या शिरा, पायांवरचे काटे, शृंगिकेच्या पेरी, एकेक मोजत बसायचं. संगीतातल्या माणसाला हे मोजणं जड गेलं नसावं, असं उगीच मनात येतं.

मग दूरच्याही गोष्टी वाचत सुटले. न्यूझीलंडच्या वाइटोमो गुहांत छतावर निळसर उजेडाचे ठिपके पाहायला जगभरातून लोक येतात. ते ठिपके म्हणजे बुरशीमाश्यांच्या भाऊबंदांतल्या एका माशीच्या अळ्या. चिकट थेंबांचे धागे छतापासून लोंबकळत सोडायचे, अंगाचा उजेड पाडायचा आणि उजेडाला भुललेलं चिलट धाग्याला चिकटलं की ओढून खायचं. बुरशी सोडून ह्या मांसाहारी झाल्या. बाल्टिक किनाऱ्यावरच्या अंबरमध्ये, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी ओघळून दगड झालेल्या राळेत, जे किडे अडकलेले सापडतात त्यांत बुरशीमाश्या भरपूर असतात. कुबड तेच, लांब पायही तेच.

पण सगळ्यांत अडकून राहिले ते सियाराच्या नराशी. ही ढिंगरीवाल्या बायांना छळणाऱ्या कुळातलीच माशी. तिच्या नराला आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून गुणसूत्रं मिळतात. पण पुढच्या पिढीला द्यायची वेळ आली की तो बापाकडून आलेला सगळा संच टाकून देतो. त्याच्या लेकरांत त्याच्या आईचंच तेवढं जातं. कुठलं गुणसूत्र बापाचं आणि कुठलं आईचं हे पेशीला कळतं तरी कसं, याचा माग काढताना हेलन क्राउझ या बाईने 1960 मध्ये गुणसूत्रावर उमटलेल्या 'ठशा'ची कल्पना मांडली. आज माणसाच्या आनुवंशिक आजारांच्या अभ्यासातही तोच शब्द वापरतात.

हे वाचलं त्या रात्री मला आईची आठवण आली. थोडा रागही आला. सात्यांची विद्या आमच्याकडे बायांची. बापाला, भावाला रान कळतं. मोह कळतो, तेंदू कळतो, बांबू कळतो. सात्यांची जागा नाही कळत. ती सासूकडून येते. आईने तिच्या सगळ्या जागा, कुठलं वारूळ, कुठल्या नक्षत्रात, कुठल्या पावसानंतर कितव्या दिवशी, वहिनीला दाखवल्या. मला नाही. मी सोबत जायचे, टोपली धरायचे, पण ती मला मुद्दाम वळसे घालून न्यायची, म्हणजे वाट ध्यानात राहू नये. मी लेक. लेक परक्या घरी जाणार आणि तिच्यासोबत जागा दुसऱ्या गावच्या तोंडी जाणार. सून राहणार. हिशोब बरोबर होता, आणि तरी तो आपल्यावर लागू झाला की बोचतो. मूळ कसं चाचपायचं ते मात्र तिने माझ्यापासून लपवलं नाही. त्याला वाटच नसते, ते कुठल्याही रानात चालतं.

मग बाजारातल्या त्या वाक्याचं कोडं जरासं उलगडल्यासारखं वाटलं. मूळ बाजारात दाखवता येत नाही, ते रानातच तुटून राहिलेलं असतं. वारूळ दाखवता येत नाही, कारण ते सांगायचंच नसतं. नवख्या गिऱ्हाइकापुढे उरतो फक्त देठातला किडा, आणि तो तर बाईंनी आधीच पाहिलेला. म्हणून आजीने त्या किड्यालाच साक्षीला उभं केलं. विषारी छत्रीसोबत शिजवलं की चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा पडतो, ही वाक्यंही अशीच कुठल्या तरी ओट्यावर जन्मली असतील. विकणारीला स्वतःला त्यांची गरज नसते.

पण वाक्य बाजारात थांबत नाही, हीच पंचाईत. आमच्या ओळखीच्या एका घरात, बाहेरून येऊन वसलेल्या, गोठ्यामागच्या गवतात पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मोठ्या, गुबगुबीत, वर तपकिरी खवले. आत किडे होते, म्हणून त्यांनी निर्धास्त होऊन रांधल्या. अर्ध्या रात्री सगळं घर ओकत-हगत दवाखान्यात. चौघंही वाचले. त्यांच्या अंगणात उरलेली एक म्हातारी छत्री मी उलटी करून पाहिली तर खालचे पापुद्रे हिरवट झालेले होते. क्लोरोफायलम नावाची विषारी छत्री. तिला खाली मूळ नसतं, बुडखा असतो, आणि तिला किडाही लागतो. त्याहून भयंकर अशा अमानिता छत्र्यांतही या अळ्या मजेत वाढतात. ज्या विषाने माणसाचं यकृत निकामी होतं, जे शिजवूनही जात नाही आणि ज्याची पहिली उलटी व्हायलाच सहा-बारा तास लागतात, ते विष बुरशीवर जगणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या पचवतात. त्यांचं पोट त्यासाठीच घडलेलं आहे. त्यांनी खाल्लं म्हणजे त्यांना चाललं, यापलीकडे त्यातून काही निघत नाही. वर्गात मी हे फळ्यावर लिहून दिलं आणि घरी सांगा म्हटलं. छत्री खाऊन त्रास झालाच तर दवाखान्यात जाताना उरलेली छत्री सोबत न्या, तेही लिहिलं.

मागच्या बाकावरचा तो मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, आजीले सांगतलं. आजी म्हनते, हे त आमाले माहीतच आहे. किडा पाहून सात्या घेनारे शहरचे राहतात."

पुढच्या सुट्टीत गावी गेले. वहिनी चुलीपुढे होती, सात्यांची भाजी रटरटत होती. कांदा, लसूण, मिरची, बाकी काही नाही, सात्यांना मसाला घातला की आई चिडायची. मी तिला बरणीचं सांगितलं, कुबड्या माश्यांचं सांगितलं, गुणसूत्रांचं सांगता सांगता थांबले. मग हळूच विचारलं, की आईच्या त्या नाल्याकडच्या जागेवर मला एकदा घेऊन चल, त्या माश्या छत्रीवर अंडी घालताना मला पाहायच्या आहेत. खाणार नाही, तोडणार नाही, नुसतं पाहीन.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि भाजीत पळी फिरवली.

"तुमच्या मायनं सांगून ठेवलं हाय, कोनालेच दाखवाचं नाई म्हनून. तुमाले त बिलकुल नाई. सात्या पाठवतो न मी दरसाल? किडे बी पाठवले. आता जागा काहून पाह्यजे?"